‘अल्सेशियन’ हे नाव कसे पडले?

ज्या रुबाबदार कुत्र्याला आपण ‘अल्सेशियन’ म्हणतो, तो मूळचा जर्मनीतील मेंढ्या राखणारा कुत्रा होय. त्याचे खरे नाव ‘जर्मन शेफर्ड’, म्हणजे जर्मन मेंढपाळाचा कुत्रा. मग हे दुसरे नाव आले कोठून?

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. इंग्लंडात ‘जर्मन’ हा शब्दही लोकांना नकोसा झाला. म्हणून १९१९ साली तेथील केनेल क्लबने या कुत्र्याची नोंद ‘अल्सेशियन’, म्हणजे अल्सेसचा, अशी केली. अल्सेस हा जर्मनीच्या सीमेलगतचा फ्रान्सचा प्रांत. इंग्रजीतून तेच नाव आपल्याकडे रूढ झाले. पुढे १९७७ साली क्लबने मूळ नाव पुन्हा मान्य केले.

वैर माणसांचे होते. नाव मात्र मुक्या जनावराचे बदलले. त्याचे इमान दोन्ही नावांखाली तेच राहिले.