वाघाच्या मुलखात जवळचा कॅमेरा

चंद्रपूर जिल्ह्यात ‘मोठा कॅमेरा’ म्हटला की डोळ्यांपुढे ताडोब्याची जिप्सी येते आणि तिच्यातून बाहेर डोकावणारी लांबलचक लेन्स. भद्रावती तालुक्यातल्या माजरीला मात्र वाघापेक्षा कोळसा जवळचा. वणी-आदिलाबादचा फाटा फुटणारे रेल्वे जंक्शन, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, खाणीवरून काढून टाकलेल्या माती-दगडांचे (ओबीचे) डोंगर, आणि पाळी सुटली की टपऱ्यांवर उसळणारी गर्दी. दिवाळीआधी इथे बोनस होतो, आणि फोटोचा नाद असलेल्या एखाद्याच्या डोक्यात डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा घोळू लागतो.

आधी हिशेब. 2024 साली कोल इंडियाच्या कामगारांचा बोनस 93,750 रुपये ठरला. याच जातीचा लायका एम11 जानेवारी 2022मध्ये आला तेव्हा अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत 8,995 डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेसहा लाखांच्या वर. सात वर्षांचा बोनस ओतला तरी बॉडीलाही पुरत नाही, लेन्स तर राहिलीच. आयातीचा खर्च आणि 18 टक्के जीएसटी वेगळाच. नवा घेण्याचा विचार इथेच संपतो. जुन्या मालाचा मात्र संपत नाही.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहतच नाही, वरच्या वेगळ्या खिडकीतून पाहतो. मधल्या लहानशा चौकोनात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची रिंग फिरवत त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस जुळला. फोटोची हद्द पांढऱ्या रेषांनी दाखवलेली असते आणि रेषांच्या बाहेरचेही दिसत राहते. सायकलवाला फोटोत शिरायच्या आधीच नजरेत येतो. आत आरसा नाही, त्यामुळे बटण दाबण्याच्या क्षणी डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. खरी गंमत एवढीच. ‘लायकाचा खास लूक’ वगैरे चर्चा मला तरी फार मनावर घ्यावीशी वाटत नाही.

मर्यादाही याच रचनेतून येतात. बहुतेक लेन्स 70 सेंटिमीटरपेक्षा जवळचा फोकस देत नाहीत. दुसऱ्या टोकाला 135 मिलिमीटरची लेन्स लावली की खिडकीतली चौकट इवलीशी होते, आणि त्यापुढे ही पद्धत जातच नाही. वाघासाठी लोक 400-600ची लेन्स लावतात. तेव्हा ताडोब्यासाठी हा कॅमेरा घेणाऱ्याने तो घेऊच नये. चष्मा असेल तर 28 मिलिमीटरच्या रेषा कोपऱ्यांत हरवतात, हेही दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.

मग उरतात माणसे: टपरी, लग्न, फलाट, घरचे अंगण. खाणीच्या आत परवानगीशिवाय कॅमेरा नेता येत नाही, आणि भूमिगत खाणीत तर ज्वालाग्राही वायूच्या भीतीने बॅटरीच्या प्रत्येक वस्तूकडे संशयानेच पाहिले जाते. पण पाळी सुटल्यावरचे चेहरे गेटबाहेरच असतात. अकोल्यात जन्मलेल्या सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षे काढले. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंमधले बळ कॅमेऱ्यातून आलेले नाही, कामगारांनी त्यांना जवळ येऊ दिले त्यातून आले आहे. माजरीत ज्याला लोक असे जवळ येऊ देतात, त्याचे काम मोबाईलवरही भागेल. ज्याला येऊ देत नाहीत, त्याचे लायकानेही भागणार नाही. तरीही लहान, शांत कॅमेऱ्यापुढे माणसे कमी बिचकतात, हे खरे.

आता जुना बाजार. पहिला डिजिटल रेंजफाइंडर लायकाचा नव्हे, 2004चा एप्सन आर-डी1. सहा मेगापिक्सेलचा. त्यात फिल्म नाही, तरी प्रत्येक फोटोनंतर खटका ओढून शटर भरावे लागते. उरलेले फोटो काट्यावर दिसतात. मोह पडावा असाच, पण बिघडला तर सुटे भाग कुठून आणणार? 2006च्या लायका एम8मध्ये अवरक्त किरण पुरेसे अडवले जात नाहीत, म्हणून काळे कृत्रिम कापड जांभळट येते आणि लेन्सवर खास फिल्टर चढवावा लागतो. लग्नातल्या काळ्या कोटांचे काय होईल ते नवरदेवाला सांगून ठेवलेले बरे. 2009चा एम9 पूर्ण आकाराच्या सेन्सरचा, 18 मेगापिक्सेलचा आणि अजूनही मागणीत. त्याचे दुखणे सेन्सरवरच्या काचेला लागणारी झीज. लायकाने अनेकांचे सेन्सर बदलून दिले, पुढे मूळ सेन्सरचा साठा संपला आणि ती सोय बंद झाली. तेव्हा एम9 घेताना काच बदलली आहे की नाही, हे किमतीच्याही आधी विचारायचे.

लेन्सचे गणित उलटे आहे. 1954च्या एम3साठी बनलेल्या बहुतेक लेन्स आजच्या एम बॉडीवर बसतात. त्याही आधीच्या स्क्रूवाल्या लेन्स, रशियन ज्युपिटर-8सारख्या स्वस्त लेन्ससुद्धा, अडॅप्टर लावून चालतात. त्यामुळे पैसा घालायचाच तर लेन्समध्ये घालावा. बॉडी दहा वर्षांत इलेक्ट्रॉनिक भंगार व्हायची शक्यता धरूनच चालावे. शिवाय इथली कोळशाची भुकटी आहेच. लेन्स बदलताना ती थेट सेन्सरवर बसते. माजरीत दोन लेन्स घेऊन फिरण्यापेक्षा एक 35 मिलिमीटर लावून ती काढूच नये.

जुना कॅमेरा पाहायला नागपूरला गेलात तर दोन गोष्टी स्वतः करा. दूरच्या टॉवरवर फोकस अनंतावर न्या. खिडकीतल्या दोन प्रतिमा तंतोतंत जुळल्या नाहीत तर रेंजफाइंडर सरकला आहे आणि दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायचा. मग छिद्र एफ/16वर ठेवून मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. धुळीचे ठिपके साफ होतात. ठिपक्यांभोवती फिकट कडी दिसली तर मात्र ती काचेची झीज, पैसे खिशातच ठेवा.