खेळातील आगगाडी आणि विजेविषयीची सावधगिरी

वाशीम जिल्ह्यातील मुलांना आगगाडीचे आकर्षण नवे नाही. अकोला–पूर्णा लोहमार्ग वाशीमवरून जातो. आणि मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंदमापी मार्गावरील ‘शकुंतला’ कारंजा येथील वडीलधाऱ्या मंडळींच्या स्मरणात अद्याप आहे. त्या मार्गावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावत असे. पुढे ती गाडी बंद पडली. तथापि तिच्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलास आपल्या घरी रूळ मांडून गाडी चालवावी असे वाटले, तर त्यात नवल नाही. हा छंद किती विस्तारू शकतो, हे पुण्यातील कोथरूड येथे पाहावयास मिळते. तेथील लघुरेल्वे संग्रहालय भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिले व १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

या खेळाने हस्तकौशल्य, मापन आणि विज्ञान ही तिन्ही एकाच वेळी साधतात. परंतु गाडी विजेवर चालते, आणि रुळांच्या उघड्या धातूस मुलाचे हात वारंवार लागतात. म्हणून या खेळामागील विद्युत्शास्त्र शिक्षकास स्पष्टपणे अवगत असणे इष्ट होय.

दाब, प्रवाह आणि रोहित्र

घरातील विजेचा दाब सुमारे २३० व्होल्ट असतो. खेळातील गाडीस बहुधा १२ व्होल्ट पुरतात. दाब उतरविण्याचे कार्य रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर करतो. त्यात तारेची दोन वेटोळी असतात. ती एकमेकांस तारेने जोडलेली नसतात. पहिल्यातील ऊर्जा चुंबकत्वाच्या द्वारे दुसऱ्यात जाते. घरातील वीज आणि रूळ यांच्यामधील हा वेगळेपणाच मुलाचे खरे संरक्षण होय. ज्या स्वस्त साधनांत असे रोहित्र नसते, त्यांनी दाब उतरलेला दिसला तरी रुळांचा घरातील विजेशी थेट संबंध राहतो.

हा फरक फळ्यावर गणिताने दाखविता येईल. ओल्या हातांनी वीज धरली असता शरीराचा रोध सुमारे १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० व्होल्टांस १,००० ने भागिले असता २३० मिलिअँपिअर प्रवाह येतो. १२ व्होल्टांचा केवळ १२ मिलिअँपिअर. ३० मिलिअँपिअरच्या वरचा प्रवाह काही क्षण शरीरातून वाहिला, तरी हृदयक्रियेस धोका संभवतो.

कमी दाबातही आग लागते

१२ व्होल्टांचा धक्का सहसा जाणवत नाही, यावरून ही वीज निरुपद्रवी आहे असा समज होतो. तो चुकीचा आहे. गाडी घसरून धातूचे चाक दोन्ही रुळांवर आडवे पडले, की इंजिनाचा रोध टाळून प्रवाह सरळ परत फिरतो. यासच शॉर्ट सर्किट म्हणतात. प्रवाह एकाएकी वाढतो, तारा तापतात, त्यांवरील आवरण वितळते आणि जवळचा कागद वा कापूस पेट घेऊ शकतो.

मोटारसायकलच्या बॅटरीचा दाबही १२ व्होल्टच असतो. परंतु शॉर्ट सर्किट होताच ती फार मोठा प्रवाह देते व तार क्षणात लाल होते. मोबाइलच्या जुन्या बॅटऱ्याही अशा वेळी पेटतात. या दोन्ही गोष्टी मुलांच्या सहज हाती येतात. म्हणून त्या रुळांस जोडू नयेत, हे त्यांना आवर्जून सांगावे.

दोन रोहित्रांचा छुपा धोका

काही संचांत रुळांना प्रत्यावर्ती प्रवाह दिला जातो. अशा एकाच मार्गास दोन रोहित्रे जोडली आणि त्यांपैकी एकाचा प्लग भिंतीतून काढला, तर रुळांतील प्रवाह त्या रोहित्रात उलट शिरतो व त्याचा दाब पुन्हा चढतो. हातातील प्लगच्या उघड्या पिनांवर तेव्हा प्राणघातक दाब असू शकतो. म्हणून एका मार्गास एकच रोहित्र जोडावे.

घरी पाळावयाचे नियम

१. भिंतीवरील विजेची तार रुळांस कधीही सरळ जोडू नये.
२. रोहित्र व खेळणे यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहून घ्यावे. खेळण्यांवर ते १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे.
३. मांडणी कोरड्या लाकडी फळीवर करावी. नुकत्याच सारवलेल्या किंवा पावसाने ओलावलेल्या जमिनीवर करू नये.
४. गाडी घसरल्यास प्रथम बटण बंद करावे, मग गाडी उचलावी.
५. रोहित्र कापडाने झाकू नये, उघडू नये. खेळ संपताच प्लग काढावा.
६. फ्यूज गेल्यास त्या जागी जाड तार घालू नये.

वर्गातील प्रयोग

शाळेत यासाठी घरातील वीज वापरण्याची आवश्यकता नाही. दीड व्होल्टचे आठ कोरडे घट एकापुढे एक जोडले असता १२ व्होल्ट मिळतात. शॉर्ट सर्किट समजावण्यासाठी एक घट व एक लहान दिवा पुरे. दिवा लागल्यावर शिक्षकाने स्वतः त्याच्या दोन टोकांवर क्षणभर खिळा आडवा ठेवावा. दिवा विझतो. खिळा म्हणजे घसरलेले चाक, हे मुलांच्या तत्काळ ध्यानात येते. खिळा लगेच काढावा. अन्यथा तार तापते.

अपघात झाल्यास

विजेला चिकटलेल्या मुलास हाताने ओढू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तार दूर करावी. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देण्याची क्रिया त्वरित सुरू करावी व १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल सावध दिसले तरी त्यास डॉक्टरांकडे न्यावे.

गावात वीज घरोघर आली. तिच्याविषयीचे ज्ञान मात्र घरोघर पोहोचावयाचे आहे. मूल शाळेत शिकलेली गोष्ट घरी जाऊन सांगते, आणि पुष्कळ वेळा घरातील मोठी माणसेही ती त्याच्याकडूनच प्रथम ऐकतात. यास्तव आगगाडीच्या खेळाचा धडा मुलाने घरी करून दाखविण्यापूर्वीच शिक्षकाने वर अंक दिलेले सहा नियम त्याच्याकडून तोंडपाठ करून घ्यावेत.