खिडकीखालची पट्टी

ताईंनो, घरकुलाचं काम चालू झालं की आपलं सगळं लक्ष स्लॅबवर. खिडकीखालची पट्टी, जिथे आपण आरसा-कंगवा ठेवतो, ती गवंडी शेवटी उरलेल्या मालात उरकतो. मागच्या पावसाळ्यात बैठकीला गेले, तर एका ताईंच्या खिडकीखाली भिंत हातभर ओली, पोपडे सुटलेले आणि तिथेच तांदळाची पोती. खिडकी तर बंद होती! पण पट्टी आतल्या बाजूला उतरती होती. अनुदान १ लाख २० हजार, त्यात घरातले घातलेले वेगळेच, आणि धान्य भिजलं बोटभर उतारामुळे.

पट्टीला कडप्पा बरा. एका बाजूने गुळगुळीत असतो, पुसला की स्वच्छ. स्वयंपाकाच्या ओट्यातून उरलेले तुकडे दुकानात पडून असतात, ते मागा, स्वस्त पडतात. ग्रॅनाइट जास्त टिकतो, पण महाग. कडप्पा, शहाबादी दोन्ही चुनखडीचे दगड, म्हणून लिंबू किंवा संडास धुवायचं ॲसिड सांडलं की डाग पडतो, तो जात नाही.

माप स्वतः टेपने घ्या. नऊ इंची भिंत, दोन्हीकडचं प्लास्टर आणि बाहेर दीड इंच पुढे, म्हणजे रुंदी साधारण बारा इंच. लांबीला दोन्ही टोकं दोन-दोन इंच भिंतीत जायला हवीत. लादी चौकटीच्या आधी बसवायची. खाली एकास चार माल पूर्ण भरलेला हवा. बोटाने ठोका, पोकळ आवाज आला तर तेव्हाच उचलायला लावा. उतार बाहेरच्या बाजूला अर्धा इंच. बाहेर आलेल्या कडेच्या खालून कटरने एक खाच मारून घ्या. पाणी तिथून टपकतं, भिंतीवर ओघळत नाही. गवंडी म्हणेल, "काय गरज आहे?" तरी मारून घ्या.

दगड परवडत नसेल तर सिमेंटची पट्टी घोटून घ्या. वर कोरडं सिमेंट भुरभुरू देऊ नका, केसासारख्या भेगा पडतात. सात दिवस ओलं पोतं टाकून ठेवा, हे काम आपलंच.

मजुरी देण्याआधी पट्टीवर तांब्याभर पाणी ओतून बघा. त्या ताईंनी पट्टी फोडून कडप्पा बसवला, तेव्हा गवंड्यासमोर असंच पाणी ओतलं आणि मगच पैसे काढले.