छापील सौरघट : सुरतेच्या छपाईकामाच्या आधारे परिचय

प्रस्तावना

सुरत हे साडी व कृत्रिम धाग्याच्या कापडाचे शहर. येथे जाळीतून रंग दाबून कापडावर नक्षी उमटविण्याची स्क्रीन छपाई अनेक विद्यार्थ्यांच्या घरी रोजगाराचा विषय आहे. सौरघटातही हेच तंत्र वापरले जाते, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते. सिलिकॉनच्या घटावरील बारीक रुपेरी रेषा चांदीयुक्त लेप जाळीतून दाबून छापलेल्या असतात. नव्या तंत्रज्ञानात रेषाच नव्हे, तर प्रकाश शोषणारा थरही छापता येतो.

पातळ थर म्हणजे काय?

सिलिकॉन प्रकाश सावकाश शोषतो. म्हणून त्याची चकती सुमारे १५० मायक्रोमीटर जाड ठेवावी लागते. कॅडमियम टेल्युराइडचा दोन-तीन मायक्रोमीटरचा थर त्यासाठी पुरतो. या प्रकारच्या पटलांचा मोठा कारखाना २०२४ मध्ये तमिळनाडूत सुरू झाला. तेथे मात्र थर बाष्पातून काचेवर बसवितात.

खऱ्या अर्थाने छपाईस योग्य ठरतो तो पेरोव्हस्काइट. क्षारांचे द्रावण काचेवर किंवा प्लॅस्टिकवर पसरून साधारण १०० अंश सेल्सिअसला तापविले की स्फटिकमय थर तयार होतो. जपानमध्ये मियासाका व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये असा घट मांडला, तेव्हा त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेतील लहान घटांत ती २६ टक्क्यांहून अधिक आहे.

बॅटरीचेही तसेच. लिथियम-आयन बॅटरीत तांबे व ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सक्रिय पदार्थाचा लेप पसरून वाळवितात.

महाराष्ट्रातील काम

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे व सहकाऱ्यांनी द्रावणातून पातळ थर बसविण्याच्या रासायनिक पद्धतींवर दीर्घकाळ संशोधन केले. बीकर व काचपट्टी यांवर आधारलेली ही पद्धत महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यातील आहे. मुंबईच्या आयआयटीत सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर देऊन जोडघट बनविण्याचे काम चालते.

मर्यादा

छापणे सोपे, टिकविणे कठीण. पेरोव्हस्काइट ओलावा व उष्णतेने बिघडतो आणि त्याच्या प्रचलित प्रकारांत शिसे असते. पटलांच्या एका प्रमाणित चाचणीत ८५ अंश सेल्सिअस व ८५ टक्के आर्द्रतेत ते १,००० तास ठेवतात. सुरतेच्या पावसाळ्याचा विचार करता ही अट अनाठायी वाटणार नाही. सिलिकॉन पटलांना सामान्यतः २५ वर्षांची हमी मिळते. स्पर्धा तिच्याशी आहे.

समारोप

कार्यक्षमतेचा आकडा वाचला की विद्यार्थ्याने दोन प्रश्न विचारावेत : घटाचे क्षेत्रफळ किती आणि तो किती तास टिकला? ज्यांचे पालक छपाईखात्यात राबतात, त्यांना रंगाचा दाट-पातळपणा, जाळीची वीण आणि वाळविण्याचे तापमान यांचे महत्त्व घरातूनच ठाऊक असते. हे ज्ञान पदार्थविज्ञानाचे आहे, एवढी जाणीव वर्गात करून दिली, तर विषय परका राहणार नाही. आणि आकर्षक आकड्यांना भुलून अभ्यासक्रम वा नोकरी निवडण्याचा धोकाही टळेल.