घुमाऱ्याचा हिशेब

घंटेवर टोल पडतो तो एक क्षण असतो. त्यानंतर जे उरते ते कितीतरी अधिक काळ टिकते. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला. काव्यातील सूचित अर्थाचा एक प्रकार समजावण्यासाठी त्याने आणि पुढे त्याच्या टीकाकारांनी याच उरलेल्या नादाचा, अनुरणनाचा, दृष्टांत घेतला. आधी वाच्यार्थ कळतो, मग त्यामागून व्यंग्यार्थ घुमत येतो. दोहोंमधला क्रम जाणवतो, म्हणून तो ‘संलक्ष्यक्रम’. जिथे क्रम असूनही जाणवत नाही आणि रस एकदम उमटल्यासारखा वाटतो, तो ‘असंलक्ष्यक्रम’.

मी काव्यशास्त्राचा अभ्यासक नाही. इलेक्ट्रॉनिक संगीताचे मिक्सिंग, म्हणजे अनेक आवाज एकत्र बसवण्याचे काम, मी पुस्तके, यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि स्वतःचे कान यांच्या भरवशावर शिकत आलो आहे. या कामात ज्याला ‘रिव्हर्ब’ म्हणतात, तो नेमका हा अनुरणनाचा व्यवहार आहे. मराठीत त्याला मी साधे ‘घुमारा’ म्हणतो. घुमारा म्हणजे गाण्यावर शेवटी शिंपडायचे अत्तर, असा समज सर्रास दिसतो. माझे म्हणणे उलट आहे. आवाज कुठे आहे, किती लांब आहे आणि ऐकणाऱ्याशी त्याचे नाते काय, हे घुमारा ठरवतो. म्हणून त्याचा हिशेब नीट मांडायला हवा.

प्रतिध्वनी आणि घुमारा

विजापूरच्या गोल घुमटात गॅलरीत उभे राहून टाळी वाजवली, की ती पुन्हा पुन्हा परत येते. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरच्या भिंतीला लागून परत यायला टाळीला सुमारे ०.२२ सेकंद लागतात. एवढ्या अंतराने आलेला आवाज कानाला वेगळा मोजता येतो, तो प्रतिध्वनी. घरातल्या खोलीत मात्र भिंतींवरून परतणारे आवाज काही मिलिसेकंदांत आणि इतक्या संख्येने येतात, की कान ते सुटे करू शकत नाही. त्या सगळ्यांचा मिळून जो विरत जाणारा पडदा तयार होतो, तो घुमारा.

त्याचे मोजमाप पहिल्यांदा नीट केले ते हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने. १८९५ मध्ये फॉग संग्रहालयातले एक व्याख्यानगृह त्याच्याकडे दुरुस्तीला आले. तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत असे. एक शब्द विरायच्या आत वक्ता पुढचे कितीतरी शब्द बोलून मोकळा होई. सबाइनने ऑर्गनची एक नळी आणि घड्याळ घेतले, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या आणि रात्रीच्या शांततेत मोजणी केली. त्यातून नियम निघाला : घुमाऱ्याचा काळ जागेच्या घनफळाबरोबर वाढतो आणि ध्वनी शोषणाऱ्या पृष्ठभागाबरोबर घटतो. आजही घुमाऱ्याचा काळ म्हणजे आवाजाची ऊर्जा दहा लाखांश व्हायला लागणारा वेळ, असेच मोजतात. १९०० मध्ये सुरू झालेले बॉस्टनचे सिंफनी हॉल याच गणितावर उभे राहिले.

जागा नसलेला आवाज

तबला, सतार, गळा यांचा आवाज कुठल्यातरी खोलीतच जन्मतो. सिंथेसायझरचे तसे नाही. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने काढलेली ही तबकडी तेव्हा मागे पडली आणि २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर जगभर चर्चेत आली. अशा यंत्रांतून निघणारा आवाज तारेतून थेट मिक्सरमध्ये जातो. वाटेत हवा नाही, भिंत नाही, छत नाही. तो कुठेच घडलेला नसतो. त्याला जागा द्यायची, तर ती बनवूनच द्यावी लागते.

अशी जागा बनवण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९४७ मध्ये शिकागोत बिल पुटनमने एका हार्मोनिका-त्रयीच्या गाण्यासाठी स्टुडिओच्या स्वच्छतागृहाची फरशी-भिंत घुमवून घेतली. १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर उंच आणि अर्धा मिलिमीटर जाड असा पोलादी पत्रा चौकटीत ताणून टांगला. त्याला थरथरवायचे आणि ती थरथर टिपायची. १९६० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत मान्फ्रेड श्रोडरने घुमारा संगणकाच्या गणितात उतरवला. १९७८ च्या लेक्सिकॉन २२४ या यंत्राने तो असंख्य स्टुडिओंत पोहोचवला. आज तो कुठल्याही लॅपटॉपवर एका क्लिकवर मिळतो, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. जे इतके स्वस्त झाले, ते सगळीकडे ओतले जाते.

पाच निर्णय

पहिला निर्णय : घुमारा कोणाला द्यायचा? नृत्यसंगीतात सर्वांत खालचा ठोका, म्हणजे किक, आणि बास यांना शक्यतो कोरडेच ठेवावे. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास सात मीटर असते. असे आवाज रेंगाळू लागले, की एका ठोक्याची शेपटी दुसऱ्यावर चढते आणि सगळे चिखल होते. म्हणून घुमाऱ्याकडे जाणारा आवाज आधी गाळून घेतात. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत अशी, की ६०० हर्ट्झच्या खालचे आणि १०,००० हर्ट्झच्या वरचे सारे घुमाऱ्यापर्यंत पोहोचूच द्यायचे नाही. मूळ आवाजाला हात लागत नाही, फक्त त्याची सावली हलकी होते.

दुसरा : किती जागा? प्रत्येक वाद्यावर वेगळा रिव्हर्ब लावणे म्हणजे प्रत्येक वादकाला वेगळ्या इमारतीत बसवणे. त्यापेक्षा एक लहान खोली आणि एक मोठे सभागृह, असे दोनच घुमारे उघडावेत आणि प्रत्येक वाद्याचा थोडाथोडा वाटा त्यांच्याकडे पाठवावा. जो जास्त पाठवला तो मागच्या रांगेत, जो कमी तो पुढे. सपाट गाण्याला अशी खोली येते.

तिसरा : मूळ आवाज आणि घुमारा यांत किती अंतर? याला ‘प्री-डिले’ म्हणतात आणि इथे मला आनंदवर्धन आठवतो. १९४९ मध्ये हेल्मुट हास यांनी दाखवले, की मूळ ध्वनीमागून सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत आलेली त्याची नक्कल कान वेगळी धरत नाही आणि आवाज पहिल्या दिशेनेच आला असे मानतो. प्री-डिले शून्य ठेवला, तर स्वर आणि घुमारा एकजीव होतात. संथ, पसरट स्वरसमूहांना हे शोभते, तो असंलक्ष्यक्रम. गाणाऱ्या गळ्याला २० ते ४० मिलिसेकंदांची उसंत दिली, तर शब्द आधी स्पष्ट उमटतो आणि मग त्यामागे दालन उघडते. गायक जवळ राहतो, दालन मोठे होते. हा संलक्ष्यक्रम.

चौथा : घुमारा किती वेळ? याचे उत्तर लयीत आहे. मिनिटाला १२५ ठोके असतील, तर ६०,००० भागिले १२५, म्हणजे एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा. प्री-डिले ३० आणि घुमारा ४५० ठेवला, तर पुढचा ठोका पडेपर्यंत जागा मोकळी होते. त्याच गाण्यावर तीन सेकंदांचा घुमारा लावला, तर एकावेळी सहा ठोक्यांच्या शेपट्या हवेत तरंगत राहतात. संथ गाण्यात हीच गर्दी धुक्यासारखी सुंदर वाटेल, वेगवान गाण्यात ती ठेक्याचा कणा मोडेल. गणित अखेरचा शब्द नव्हे, पण ते कुठून सुरुवात करायची हे सांगते.

पाचवा : किती प्रमाणात? माझी रीत अशी, की घुमारा ऐकू येईपर्यंत वाढवायचा आणि तिथून थोडा मागे घ्यायचा. मग तो एकदम बंद करून पाहायचा. बंद केल्यावर काहीतरी हरवले असे वाटले, तर प्रमाण बरोबर. चालू असताना त्याच्याकडेच लक्ष जात असेल, तर जास्त. कान घुमाऱ्याला फार लवकर सरावतो, म्हणून निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी द्यावा. आणखी एक : ज्या सभागृहात किंवा मांडवात हे संगीत वाजणार, ती जागा स्वतःचा घुमारा घालणारच. हेडफोनवर किंचित कोरडे वाटणारे मिश्रण तिथे जाऊन पुरे होते.

घुमारा हेच वाद्य

हे नियम मोडून मोठे काम झाले आहे, पण मोडणाऱ्यांना नियम ठाऊक होते. जमैकात किंग्स्टनला किंग टबी हा मूळचा विजेची यंत्रे दुरुस्त करणारा माणूस. १९७० च्या दशकात तो तयार गाण्यातले गायन काढून टाकी आणि मध्येच एखादा शब्द किंवा ड्रमचा एकच फटका घुमाऱ्यात फेकी. बाकी सारे कोरडे, म्हणून तो एक फटका दरीत पडल्यासारखा वाटे. या ‘डब’ पद्धतीचा वारसा १९९३ मध्ये बर्लिनच्या ‘बेसिक चॅनल’ने टेक्नोत आणला. तिथे एकाच स्वरसमूहाचे विरत जाणे हाच गाण्याचा विषय झाला. १९८० मध्ये लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ह्यू पॅडगॅम यांनी फिल कॉलिन्सच्या ड्रमचा मोठा घुमारा पुरता विरण्याआधीच कापून टाकला. निसर्गात असे कुठेच घडत नाही, म्हणूनच तो आवाज दशकभर गाजला. तिघांतही समान धागा एकच, घुमारा कुठे नाही हे आधी ठरलेले होते.

ओवी कुठे बसते?

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहावासा वाटला तो. अलीकडे लोकगीतांच्या जुन्या मुद्रणांना यंत्राच्या ठेक्यावर बसवण्याची चाल पडली आहे. मला त्यात गैर वाटत नाही. पण त्यातल्या कितीतरी मिश्रणांत जात्यावरची ओवी तीन-चार सेकंदांच्या घुमाऱ्यात बुडवलेली असते. तो घुमारा युरोपातल्या दगडी चर्चचा असतो. ‘आध्यात्मिक’ वाटावे म्हणून तो घातला जातो. त्यात पहिल्यांदा बुडतात व्यंजने, आणि व्यंजनांबरोबर शब्द. ओवीत जे सांगायचे ते शब्दांतच आहे : माहेर, भाऊ, सासरचा काच. शब्द गेला की उरतो तो नुसता गोड हुंकार.

दुसरे नुकसान अधिक खोल आहे. सिंथेसायझरच्या आवाजाला जागा नसते, ओवीला असते. सारवलेली भुई, मातीच्या भिंती, ठेंगणे छत, कोपऱ्यात धान्याची पोती. सगळेच आवाज पिणारे. तिथला घुमारा अगदी तोकडा असतो आणि तोच सांगतो, की ही बाई कुणासमोर गात नव्हती. ती स्वतःशी किंवा जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या जोडीदारणीशी गात होती. तिच्यावर चर्च ओतले, की ती श्रोत्यांसमोर, व्यासपीठावर जाऊन उभी राहते. गाण्याचा अर्थच बदलतो.

उपाय अवघड नाही. मूळ मुद्रण एकटे, वारंवार ऐकावे आणि त्यातला घुमारा किती तोकडा आहे ते आधी ओळखावे. तशाच मापाच्या घरात फुगा फोडून त्याचा आवाज टिपला, तर त्यावरून संगणक त्या खोलीचा घुमारा तयार करतो. तो ओवीवर घालायचाच नाही, ती त्या घरात आहेच. तो घालायचा आपल्या यंत्रांवर. बाईला आपल्या सभागृहात ओढण्याऐवजी आपली वाद्ये तिच्या घरात न्यायची, जात्यापासून हातभर लांब बसवायची आणि दाराशी थोडी मोकळी जागा ठेवायची. मग ठेका कितीही आधुनिक असो, ओवीचा शब्द आधी ऐकू येईल आणि घुमारा त्याच्यामागून येईल.