भाड्याच्या घरातील ओल : इंग्लंडमध्ये कौन्सिल काय करते?

भाड्याच्या घराच्या भिंतीला ओल आली, कोपऱ्यात काळी बुरशी धरली की मालक आणि भाडेकरू यांच्यात वाद सुरू होतो. मालक म्हणतो, खिडक्या बंद ठेवता, घरातच कपडे वाळत घालता, मग ओल येणारच. भाडेकरू म्हणतो, मुळात घरच दमट आहे. इंग्लंडमध्ये हा वाद वर्षानुवर्षे चालला. आता तेथील कायद्याने दुरुस्तीला मुदत आणि कसुराला दंड ठरवून दिला आहे. कोकणातील अनेक कुटुंबांची मुले शिक्षण व नोकरीसाठी तेथे भाड्याने राहतात, तर काहींनी तेथे घरे घेऊन ती भाड्याने दिली आहेत. म्हणून ही माहिती दोघांच्याही उपयोगाची आहे.

एका मुलाचा मृत्यू

मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचे गाव आहे. तेथे सुदानमधून आलेल्या एका कुटुंबातील अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा २१ डिसेंबर २०२० रोजी मरण पावला. त्यांचे घर रॉचडेल बरोवाइड हाउसिंग या संस्थेचे होते. कौन्सिलने आपली भाड्याची घरे २०१२ मध्ये या संस्थेकडे सोपवली होती. मुलाच्या वडिलांनी २०१७ मध्येच बुरशीची तक्रार केली होती, तेव्हा त्यावर रंग मारा, असे त्यांना सांगण्यात आले. २०२० मध्ये कुटुंबाने वकिलामार्फत दावा मांडला. पण दावा चालू असताना वकिलाच्या संमतीशिवाय दुरुस्तीला हात लावायचा नाही, असा संस्थेचा शिरस्ता होता. त्यामुळे काम रखडले.

संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याला तेथे कॉरोनर म्हणतात. एके काळी मुंबईतही हे पद होते. घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेल्या श्वसनविकाराने हा मुलगा दगावला, असा निर्णय कॉरोनरने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. देशभर संताप उसळला. २०२३ च्या सामाजिक गृहनिर्माण कायद्यात दुरुस्तीच्या मुदतीची तरतूद झाली आणि तिला ‘अवाबचा कायदा’ हेच नाव पडले.

ओल येते कोठून?

ओलीचे तीन प्रकार मानतात. पहिली जमिनीतून भिंतीत वर चढणारी. दुसरी फुटके कौल, तुंबलेला पन्हाळ किंवा भेगाळलेली भिंत यांतून आत झिरपणारी. तिसरी घरातल्या वाफेची. स्वयंपाक, अंघोळ आणि श्वासोच्छ्वास यांतून निघालेली वाफ थंड भिंतीला लागली की तिचे पाणी होते आणि तेथे बुरशी धरते.

वाद होतो तो या तिसऱ्या प्रकारावर. वाफ प्रत्येक घरात होतेच. पण भिंतीला थंडीपासून बचाव करणारे अस्तर नसेल, हवा बाहेर फेकणारा पंखा बंद असेल आणि घर गरम ठेवणे परवडत नसेल, तर भाडेकरूने कितीही काळजी घेतली तरी बुरशी येते. सरकारी व संस्थांच्या घरांच्या तक्रारी ऐकणाऱ्या हाउसिंग ऑम्बुड्समन या लवादाने ऑक्टोबर २०२१ च्या अहवालात हेच बजावले. भाडेकरूच्या राहणीला दोष देऊन तक्रार मिटवण्याची सवय घरमालक संस्थांनी सोडावी, असे त्यात म्हटले आहे.

खासगी मालकावर कौन्सिलचा अंकुश

खासगी मालकाच्या घराबाबत कौन्सिलचे मुख्य हत्यार म्हणजे २००४ चा गृहनिर्माण कायदा. त्याखालील तपासणीची पद्धत २००६ पासून लागू आहे. तीत घरातील २९ धोक्यांची यादी असून ओल आणि बुरशी हा त्यातील पहिलाच धोका आहे. कौन्सिलचा पर्यावरण आरोग्य अधिकारी घरी येतो, भिंतीतील ओलावा यंत्राने मोजतो, कारण शोधतो आणि धोक्याला गुण देतो. ओलीच्या बाबतीत चौदा वर्षांपर्यंतची मुले सर्वांत नाजूक धरली जातात. घरात आज मूल नसले तरी हिशेब त्या वयाच्या मुलाला धरूनच होतो.

धोका पहिल्या श्रेणीचा ठरला तर कारवाई करणे कौन्सिलवर बंधनकारक आहे. दुसऱ्या श्रेणीचा असेल तर कारवाई तिच्या मर्जीवर राहते. बहुधा सुधारणेची नोटीस निघते. काम सुरू करण्यास निदान २८ दिवस द्यावे लागतात आणि मालकाला २१ दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. जिवाला तातडीचा धोका असेल तर कौन्सिल स्वतः दुरुस्ती करून खर्च मालकाकडून वसूल करू शकते.

नोटीस धाब्यावर बसवली तर खटला होतो किंवा कौन्सिल स्वतःच दंड ठोठावते. या दंडाची कमाल मर्यादा २०१७ पासून ३० हजार पौंड होती. २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने ती ४० हजारांवर नेली. ही रक्कम खासगी घरांवरील देखरेखीसाठी कौन्सिलकडेच राहते. काही कौन्सिलांनी परवाना पद्धतही आणली. लंडनच्या न्यूहॅम कौन्सिलने २०१३ मध्ये जवळजवळ सर्व खासगी भाड्याच्या घरांना परवाना सक्तीचा केला. अशा पद्धतीत तक्रारीची वाट न पाहता घर तपासता येते.

मुदतीचे वेळापत्रक

कौन्सिलच्या व संस्थांच्या घरांना अवाबचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत पाहणी करून घर सुरक्षित करायचे. ओल-बुरशीचा गंभीर धोका असेल तर १० कामकाजाच्या दिवसांत पाहणी, ती संपल्यावर ३ दिवसांत लेखी निष्कर्ष आणि ५ दिवसांत घर सुरक्षित करणे बंधनकारक आहे. मोठ्या कामाची सुरुवात जास्तीत जास्त १२ आठवड्यांत झाली पाहिजे. घर वेळेत सुरक्षित होत नसेल तर भाडेकरूची दुसरीकडे सोय करावी लागते. खासगी घरांनाही असाच नियम लावण्याची तरतूद २०२५ च्या कायद्यात आहे.

त्रुटीही आहेत. कौन्सिल स्वतःच्या घरासाठी स्वतःलाच नोटीस बजावू शकत नाही. त्या भाडेकरूंना आधी कौन्सिलच्या तक्रार विभागाकडे, मग ऑम्बुड्समनकडे किंवा न्यायालयात जावे लागते. शिवाय तपासणी अधिकारी पुरेसे नसतील तर कायदा कागदावर राहतो. तक्रार केली तर मालक घराबाहेर काढील, ही भीतीही मोठी होती. कारण न देता घर खाली करायला लावणारी ‘कलम २१’ची नोटीस २०२५ च्या कायद्याने रद्द केली आणि त्यासाठी १ मे २०२६ ही तारीख ठरली.

दोघांनी काय करावे?

भाडेकरूने तक्रार लेखी करावी. तारखेसह फोटो, पत्रांच्या प्रती आणि घरात कोणाला दमा असल्यास डॉक्टरचा कागद जपून ठेवावा. मालक दाद देत नसेल तर कौन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाला कळवावे. रागाने भाडे मात्र थांबवू नये. थकबाकीमुळे उलट घर जाण्याचा धोका असतो. २०१८ च्या कायद्यानुसार राहण्यास अयोग्य घराबद्दल भाडेकरूला थेट न्यायालयातही जाता येते.

घर भाड्याने देणाऱ्याने हा धंद्याचा हिशेब समजावा. पन्हाळ साफ करणे, पंखा बदलणे, भिंतीला अस्तर लावणे यांचा खर्च आज दिसतो. तो टाळला तर पुढे दंड, वकील आणि परत करावे लागणारे भाडे यांचा खर्च येतो. बुरशीवर रंग मारल्याने ओल जात नाही. ती कोठून येते हे शोधूनच पैसा खर्च करावा. हे नियम इंग्लंडपुरते आहेत, स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत, हे करार करण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.