घरच्या स्टुडिओसाठी पियानो निवडताना

भिलाईच्या सुपेल्यात घरी गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्याला खरा ग्रँड पियानो परवडला, तरी तो सांभाळणे जड जाते. इथला कोरडा उन्हाळा चाळिशीच्या पुढे जातो आणि पाठोपाठ पावसाळ्याची ओल येते. त्या फरकाने पियानोचे लाकूड आकसते, फुगते आणि दोनशेहून अधिक तारांचा सूर हलतो. त्यातून ध्वनिमुद्रण करायचे, तर जी. ई. रोडची वर्दळ आधी माइकमध्ये शिरणार. म्हणून संगणकातला पियानो इथे रास्तच आहे. प्रश्न फक्त कोणता घ्यावा एवढाच, आणि तिथे बहुतेक जण फाइलच्या आकारावर भुलतात.

पियानोची पट्टी हळू दाबली की आवाज लहान होतो आणि त्याचा पोतही बदलतो. जोराच्या आघातात हातोडीवरचा नमदा दाबला जाऊन कडक होतो, वरचे स्वरांश उसळतात आणि सूर धारदार होतो. संगणकातल्या चांगल्या पियानोची, म्हणजे ध्वनिसंचाची, परीक्षा इथेच आहे: मऊपासून कडकपर्यंतचा हा प्रवास तो किती सलग दाखवतो? अलेक्झांडर होल्म यांनी यामाहा सी-५ पियानोवरून केलेला 'सॅलॅमँडर' हा संच फुकट मिळतो. त्यात ८८ पैकी दर तिसऱ्याच पट्टीचे, म्हणजे ३० पट्ट्यांचे मुद्रण आहे. पण प्रत्येक पट्टी १६ वेगवेगळ्या जोरांनी वाजवलेली आहे. मधल्या पट्ट्या थोड्या ताणून भरल्या तरी कानाला फारसे जाणवत नाही, जोराच्या पायऱ्या कमी पडल्या तर मात्र लगेच जाणवते. फ्रान्सच्या मोडार्ट कंपनीचे 'पियानोटेक' तर मुद्रित नमुने वापरतच नाही. तार आणि हातोडीचे गणित मांडून ते प्रत्येक सूर नव्याने घडवते, म्हणून त्याचा आकार १०० एमबीच्या आत राहतो. याउलट स्पेक्ट्रासॉनिक्सचा 'कीस्केप' हा संच ७७ जीबीचा आहे.

मोठ्या संचात तारांची गुंज, पेडलची सळसळ, सूर विरण्याची लांबी अधिक मिळते, असे म्हणणारे खोटे बोलत नाहीत. एकट्या पियानोची रचना करायची असेल तर हा तपशील मोलाचा आहे. पण भावगीताच्या साथीत गळा, तबला, बासरी यांच्याखाली त्यातला बराचसा झाकला जातो आणि साध्या संगणकावर त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. संगणक अडखळू लागला की बफर, म्हणजे आवाज बाहेर पडण्याआधीचा साठा, वाढवावा लागतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने १२८ नमुन्यांचा बफर सुमारे ३ मिलिसेकंदांचा उशीर करतो, १,०२४ चा २३ मिलिसेकंदांचा. बोट आणि सूर यांत एवढे अंतर पडले की वाजवणाऱ्याचा ताल सैल होतो. सैल हाताने वाजवलेला ७७ जीबीच्या संचातला पियानो घट्ट हाताच्या फुकट पियानोपुढे फिकाच पडणार.

निवडण्यापूर्वी मधल्या सप्तकातला एकच सूर अगदी हळूपासून पूर्ण जोरापर्यंत वाजवत न्यावा. मध्येच रंग एकदम उडी मारून बदलला, तर संच सोडून द्यावा. तोच सूर भराभर वाजवून प्रत्येक ठोका हुबेहूब सारखा येतो का, तेही ऐकावे. तसा आला की यंत्र उघडे पडते. कीबोर्ड मात्र बोटांचा जोर ओळखणारा हवा, नाहीतर सोळा पायऱ्या असून नसल्यासारख्या. कीबोर्ड हलका असेल, तर सॉफ्टवेअरमधली जोराची वक्ररेषा आपल्या हाताप्रमाणे लावून घ्यावी. हे काम बरेच जण टाळतात आणि दोष आवाजाला देतात.

आपल्या गाण्यांत आणखी एक पेच असतो. पियानोचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या भागाइतका. गायिका गंधारावर ठेहराव घेत असताना खाली पियानोने तोच गंधार धरला, तर दोन्ही सूर एकमेकांना खुपतात. महागड्या संचानेही हे सुटत नाही. तिथे साथीतून गंधार काढून षड्ज-पंचम ठेवावा, किंवा सॉफ्टवेअर स्वरांतरे बदलू देत असेल तर गंधार तेवढा उतरवून घ्यावा.